सारखे दिसणारे लिम्फोमा : रिपोर्टबद्दल पेशंट आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर गाठींच्या स्लाइड बघणं हेच काम. लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फ नोडमधल्या पेशींच्या कॅन्सरचा, रिपोर्ट न्यायला आलेली मंडळी काउंटरवर उभं राहून जे विचारतात, आणि घरी गेल्यावर रिपोर्ट वाचून परत फोन करून जे विचारतात, ते सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. ट्रीटमेंट काय घ्यायची हे तुमचे ऑन्कॉलॉजिस्टच सांगतील, मी फक्त नाव कसं ठरतं आणि ते ठरायला वेळ का लागतो तेवढं सांगते.

"लिम्फोमा आहे, पण कुठला ते अजून नक्की नाही" असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सर आहे हे कळतं आणि कुठला ते कळत नाही, असं कसं?

असं होतं, आणि आमच्याकडे जवळपास रोज होतं. लिम्फोमा हे नुसतं आडनाव समजा, त्या आडनावाची घरं कितीतरी आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. काही लिम्फोमात पेशंटला वर्षानुवर्षं औषधसुद्धा लागत नाही, नुसतं दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. काहींमध्ये या आठवड्यात केमो सुरू झाली नाही तर माणूस हाताशी लागत नाही. आणि बाहेरून दोघांचं रूप एकच, मानेत नाहीतर काखेत नाहीतर जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ, बऱ्याचदा दुखतही नाही. म्हणून "लिम्फोमा" एवढ्या शब्दावर कुणी ट्रीटमेंट सुरू करत नाही आणि करूही नये, पुढचं नाव लागेपर्यंत थांबावं लागतं.

पण गाठ कापून मायक्रोस्कोपखाली ठेवली की दिसत नाही का सगळं?

बरंच दिसतं, पण सगळं नाही. आपल्या लिम्फ नोडमध्ये मुळातच लिम्फोसाइट नावाच्या लाखो पेशी असतात, लहान, गोल, मध्ये गडद निळंजांभळं न्यूक्लिअस आणि भोवती जेमतेम कडा. आता यातल्याच एका पेशीचा कॅन्सर झाला तर तोही तसाच दिसणार ना, लहान आणि गोल. सीएलएल, मँटल सेल, फॉलिक्युलर, मार्जिनल झोन, लिम्फोप्लाझ्मासायटिक, हे पाचही जण लहान पेशींचे बी-सेल लिम्फोमा (लिम्फोसाइटच्या बी आणि टी अशा दोन मुख्य जाती, त्यातल्या बी-पेशींचे), आणि साध्या गुलाबी-निळ्या स्टेनवर, म्हणजे ज्याला आम्ही एच अँड ई म्हणतो त्यावर, वीस वर्षं स्लाइड बघणारा माणूससुद्धा छातीठोकपणे एकच नाव सांगेल असं नाही. अंदाज येतो. पेशी कशा मांडल्यात, गोल गोल पुंजके आहेत का सरसकट पसरल्यात, मध्ये फिकट ठिपके आहेत का, न्यूक्लिअसला खाच आहे का, यावरून मनात दोन-तीन नावं येतात. पण अंदाजावर केमो देत नाहीत.

पूर्वी मात्र अंदाजावरच चालायचं, कारण दुसरं काही नव्हतंच. १९५६ साली रॅपापोर्टनी पेशींच्या आकारावरून आणि मांडणीवरून वर्गवारी केली. १९७४ मध्ये ल्यूक्स-कॉलिन्स आणि कील अशा दोन वर्गवाऱ्या आल्या, त्यात पेशी बी आहे का टी हा विचार आला. १९८२ ला वर्किंग फॉर्म्युलेशन आलं, ते परत आकाराकडेच गेलं. त्या वर्किंग फॉर्म्युलेशनमध्ये मँटल सेल लिम्फोमाला स्वतःचं घर नव्हतं, ते पेशंट इतर सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमांबरोबर एकाच गटात मोजले जायचे आणि त्यांची तब्येत इतरांपेक्षा लवकर का बिघडते हे कोडं वाटायचं. मँटल सेल हे नाव १९९२ मध्ये सर्वमान्य झालं. मला हे वाचलं की नेहमी त्या आधीच्या पेशंट्सची आठवण होते, ज्यांच्या रिपोर्टवर सौम्य नाव होतं.

आयएचसी म्हणजे काय? त्याचे वेगळे पैसे का घेतात आणि परत परत का सांगतात?

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. पेशीच्या अंगावर किंवा आत ठराविक प्रोटीन असतात, त्यातल्या एकेकालाच ओळखून चिकटणारी अँटीबॉडी स्लाइडवर टाकायची आणि जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवायचा. अशी एकेकच गोष्ट ओळखणारी अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये काढली, १९८४ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि आज माझं अर्धं काम त्या युक्तीवर चालतं.

गाठ फॉर्मलिनमध्ये ठेवली की प्रोटीन एकमेकांत अडकून लपून बसतात, ती परत मोकळी करायला स्लाइड खास पाण्यात उकळाव्या लागतात, काही लॅबमध्ये चक्क प्रेशर कुकरमध्ये. मग एका मार्करला, म्हणजे अशा एका ओळखीच्या प्रोटीनला, एक स्लाइड. दहा मार्कर म्हणजे दहा स्लाइड, दहा अँटीबॉडी, शिवाय स्टेन बरोबर लागलाय का बघायला प्रत्येकीचा कंट्रोल. पैसे त्याचे.

परत परत का, तर पहिल्या फेरीत आम्ही साधारण विचारतो की बी आहे का टी आहे, लहान का मोठ्या पेशी, किती वेगाने वाढतायत. उत्तर आलं की दुसऱ्या फेरीत नेमके प्रश्न. सगळे मार्कर एकदम लावले तर लवकर होईल असं वाटतं, पण गाठीचा तुकडा सुईचा असेल तर तो कापता कापता संपतो आणि मग खरा कामाचा मार्कर लावायला काही उरत नाही. हे मी पाहिलंय, म्हणून हात राखून चालते.

सीडी२० पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे निदान झालं ना?

नाही. सीडी२० एवढंच सांगतं की पेशी बी जातीची आहे, आणि रिटुक्सिमॅब हे औषध ज्याला धरतं ते प्रोटीन तिथे आहे. वर लिहिलेले पाचही लिम्फोमा सीडी२० पॉझिटिव्हच असतात. निरोगी बी-पेशीसुद्धा.

बाबांच्या पहिल्या रिपोर्टवर सीएलएल होतं, आता दुसऱ्या ठिकाणी मँटल सेल म्हणतायत. पहिल्यांनी चूक केली का? आणि आम्ही कुणाचं खरं धरायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि या जोडीत नाव चुकलं तर नुकसानही मोठं होतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

दोन्ही आजार साठीच्या आसपासच्या किंवा पुढच्या माणसांत जास्त, दोन्हींत गाठी येतात, प्लीहा वाढते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढू शकतात. दोन्हींच्या पेशी लहान. आणि खरी मेख म्हणजे दोन्ही सीडी५ पॉझिटिव्ह. सीडी५ हा खरं तर टी-पेशींचा मार्कर, बी-पेशीवर तो दिसला की लगेच ही दोन नावं डोळ्यासमोर येतात. आता एखाद्या लॅबमध्ये छोटं पॅनेल, म्हणजे मोजकेच मार्कर लावले, सीडी२०, सीडी३ (हा टी-पेशींचा), सीडी५, केआय-६७ (हा वाढीचा वेग सांगणारा), आणि सीडी५ पॉझिटिव्ह आलं तर जास्त कॉमन म्हणून सीएलएल लिहिलं जातं. त्या माणसानं जे हातात होतं त्यावर लिहिलं, पण हातात अपुरं होतं.

फरक करणारे मार्कर हे: सायक्लिन डी१ आणि सॉक्स११ मँटलमध्ये पॉझिटिव्ह, सीएलएलमध्ये निगेटिव्ह. उलट सीडी२३, सीडी२०० आणि एलईएफ१ हे सीएलएलकडे बोट दाखवतात. मँटलमध्ये ११ नंबरच्या आणि १४ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, त्यामुळे सायक्लिन डी१ चं जीन अशा जागी येऊन बसतं जिथे बी-पेशीत अँटीबॉडी बनवायचं काम अखंड चालू असतं, आणि मग तेही अखंड चालू राहतं. सायक्लिन डी१ चं काम पेशीला "विभाजन कर" असा इशारा द्यायचं, म्हणजे पुढे काय होणार ते कळलंच. फिश टेस्ट हीच अदलाबदल रंगीत ठिपक्यांनी दाखवते.

साध्या स्टेनवरही हिंट असते. सीएलएलमध्ये गडद पेशींच्या मध्ये फिकट ढगासारखे भाग दिसतात, तिथे थोड्या मोठ्या पेशी वाढत असतात, त्यांना प्रोलिफरेशन सेंटर म्हणतात. रक्ताच्या स्लाइडवर फुटलेल्या, पुसट झालेल्या स्मज सेल दिसतात. मँटलमध्ये पेशी एकसारख्या असतात, न्यूक्लिअसची कड वेडीवाकडी असते, मधूनमधून गुलाबीसर हिस्टिओसाइट, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी. पण सुईच्या तुकड्यात प्रोलिफरेशन सेंटर आलंच नाही तर ही हिंट गेली.

वाचतानाही चूक होऊ शकते, तेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. गाठीत निरोगी टी-पेशी भरपूर असतात आणि त्या सीडी५ ला गडद रंगतात, बी-पेशींवरचा सीडी५ त्यामानाने फिका. फक्त सीडी५ ची स्लाइड बघितली तर हा तपकिरी रंग कुणाचा तेच कळत नाही, शेजारी सीडी३ ची स्लाइड ठेवून मिळवावं लागतं, सीडी३ पेक्षा सीडी५ जास्त पेशींवर असेल तर वरचा हिस्सा बी-पेशींचा. सायक्लिन डी१ चंही तसंच, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी त्याला रंगल्याच पाहिजेत. त्याच रंगल्या नसतील तर निगेटिव्ह रिपोर्टला अर्थ नाही, स्टेन फसलाय, परत लावायचा.

आता याने फरक काय पडतो? सीएलएलमधल्या बऱ्याच पेशंटला निदान झाल्यावर लगेच ट्रीटमेंट लागतच नाही, लक्ष ठेवतात. मँटलमध्ये बहुतेकांना लागते, आणि तरुण, धडधाकट पेशंटला जोरदार द्यावी लागते, शिवाय मँटल आतड्यातही लपून बसतो म्हणून ते तपासायचा विचार होतो. मँटलचा एक शांत प्रकारही आहे, रक्तात आणि प्लीहेत राहणारा, सॉक्स११ बहुधा निगेटिव्ह, त्यांना थांबता येतं. पण मँटल म्हणून ओळखून मग थांबणं आणि सीएलएल समजून थांबणं यात फार अंतर आहे.

तर कुणाचं खरं धरायचं, यावर माझं म्हणणं, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि ज्यात सायक्लिन डी१ किंवा फिशचा निकाल लिहिलाय तो ऑन्कॉलॉजिस्टना आधी दाखवा.

सायक्लिन डी१ निगेटिव्ह आलं म्हणजे मँटल नक्की नाही?

जवळजवळ नक्की. थोड्या केसमध्ये सायक्लिन डी१ ऐवजी सायक्लिन डी२ किंवा डी३ चं जीन हललेलं असतं, तिथे सॉक्स११ पॉझिटिव्ह येऊन वाचवतं. आणि उलटं पण आहे, मायलोमा आणि हेअरी सेल ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, कधी सीएलएलच्या त्या फिकट ढगांमध्येसुद्धा सायक्लिन डी१ थोडं दिसू शकतं. एका मार्करवर मी कधीच नाव लिहीत नाही, आणि लिहिलेलं दिसलं तर मला अस्वस्थ होतं.

आधी "रिअॅक्टिव्ह गाठ, काळजी नको" म्हणाले, मग फॉलिक्युलर लिम्फोमा निघाला. दोन्ही इतके सारखे असतात का?

हो. इन्फेक्शनशी लढताना नोडमध्ये फॉलिकल नावाचे गोल पुंजके फुगतात आणि फॉलिक्युलर लिम्फोमातही पुंजकेच असतात. नजरेनं फरक असतो, रिअॅक्टिव्ह पुंजके लहानमोठे असतात, त्यांच्यात पेशींचा कचरा खाणारे मॅक्रोफेज दिसतात, कडेला व्यवस्थित कोंडाळं असतं. लिम्फोमात पुंजके खेटून, एकाच मापाचे, कडा पुसट. शंका असेल तर बीसीएल२. निरोगी पुंजक्याच्या मधल्या बी-पेशी बीसीएल२ बनवत नाहीत, कारण तिथे नालायक पेशींनी मरणंच अपेक्षित असतं. फॉलिक्युलर लिम्फोमात १४ आणि १८ क्रोमोसोमच्या अदलाबदलीमुळे बीसीएल२ चालू राहतं आणि पेशी मरायचंच विसरतात. पुंजका मधोमध तपकिरी झाला की उत्तर मिळालं. तरी सगळे फॉलिक्युलर बीसीएल२ पॉझिटिव्ह नसतात, विशेषतः हाय ग्रेडवाले आणि लहान मुलांतला प्रकार, म्हणून ही पण एकटीवर विसंबायची टेस्ट नाही.

मार्जिनल झोन कसा ओळखतात? रिपोर्टवर "बाय एक्सक्लूजन" लिहिलंय.

बाकीची नावं एकेक करून खोडत गेलं आणि हे उरलं, असा त्याचा अर्थ. सीडी५ नाही, सीडी१० (फॉलिक्युलरची खूण) नाही, सायक्लिन डी१ नाही, तर मार्जिनल झोन. ऐकायला कच्चं वाटतं पण पद्धत रीतसर आहे. याच्याशी सगळ्यात जास्त गल्लत लिम्फोप्लाझ्मासायटिकची होते, तिथे रक्तात आयजीएम प्रोटीनचा काटा शोधतात आणि एमवायडी८८ जीनमधला एक ठराविक बदल तपासतात. २०१२ मध्ये सापडलं की वाल्डेनस्ट्रॉमच्या, म्हणजे आयजीएम बनवणाऱ्या लिम्फोप्लाझ्मासायटिकच्या, दहातल्या नऊहून जास्त पेशंटमध्ये तो बदल असतो. हेअरी सेलचंही तसंच, तिथे २०११ मध्ये बीआरएएफ जीनमधला बदल सापडला आणि काम सोपं झालं. पोटातल्या मार्जिनल झोनला तर एच पायलोरी या जंतूचं औषध देऊनच कित्येकदा लिम्फोमा मागे हटतो, म्हणजे नाव बरोबर लागल्यावर केमो न देता अँटिबायोटिकवर भागू शकतं.

केआय-६७ ९५ टक्के आहे. गूगल केलं तर फारच भीती वाटली.

भीती वाटणं साहजिक आहे. केआय-६७ सांगतं की शंभरातल्या किती पेशी आत्ता विभाजनाच्या रस्त्यावर आहेत. (नाव जर्मनीतल्या कील शहरावरून, ६७ हा त्या अँटीबॉडीचा प्लेटमधला नंबर.) जास्त आकडा म्हणजे आजार वेगवान, आणि वेगवान लिम्फोमा केमोला चांगला दबतोसुद्धा, हे गूगल पहिल्या पानावर सांगत नाही.

पण ९५ टक्के दिसलं की आमची धावपळ का होते ते सांगते. मोठ्या किंवा मध्यम पेशी, भरपूर विभाजन, मधूनमधून फिकट मॅक्रोफेज, काळ्या आभाळात चांदण्या असाव्यात तसं दिसतं, त्याला स्टारी स्काय म्हणतात. ते बर्किट असू शकतं. डेनिस बर्किट हे सर्जन युगांडात काम करायचे, त्यांनी १९५८ मध्ये मुलांच्या जबड्यातल्या या गाठींचं वर्णन केलं. पण तेच चित्र डिफ्यूज लार्ज बी-सेल या मोठ्या पेशींच्या लिम्फोमात, डबल हिट हाय ग्रेडमध्ये, ब्लास्टॉइड म्हणजे वेगवान मँटलमध्ये आणि कोवळ्या लिम्फोसाइटच्या लिम्फोब्लास्टिकमध्येही येतं. लिम्फोब्लास्टिक वेगळा काढायला टीडीटी लावतात, मँटल काढायला सायक्लिन डी१. बर्किटमध्ये सीडी१० पॉझिटिव्ह, बीसीएल२ निगेटिव्ह किंवा अगदी फिकं, आणि एमवायसी जीन हललेलं. एमवायसी आणि बीसीएल२ दोन्ही जीन हललेले निघाले तर डबल हिट, आणि ते नुसत्या नजरेनं किंवा तपकिरी रंगानं ठरत नाही, फिशच करावी लागते.

डिफ्यूज लार्ज बी-सेलला नेहमी जी आर-चॉप नावाची केमो देतात ती बर्किटला पुरत नाही, तिथे जास्त कडक केमो आणि मेंदूकडे पोहोचणारं औषध लागतं. आणि बर्किट दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतो. म्हणून अशी स्लाइड दिसली की मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, वॉर्डला फोन करते. तुम्हाला "लेखी रिपोर्ट नाही पण केमोची तयारी सुरू झाली" असं वाटलं तर त्यामागे बहुतेक असाच फोन असतो.

मुलीला हॉजकिन म्हणाले, मग "ग्रे झोन" म्हणाले, मग परत हॉजकिन. वयच तेवीस तिचं. एवढा गोंधळ का?

ताई, तुमची घालमेल समजते. हॉजकिन हा लिम्फोमाचाच एक वेगळा गट, बाकीच्यांना नॉन-हॉजकिन म्हणतात. हॉजकिनमध्ये अडचण अशी की गाठीत कॅन्सरच्या पेशी अगदी थोड्या असतात, कधी कधी शंभरात एखाद-दुसरी, बाकी सगळी गर्दी आलेली साधी जनता, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, प्लाझ्मा सेल. त्या एका मोठ्या, दोन डोळ्यांच्या घुबडासारख्या पेशीला रीड-स्टर्नबर्ग म्हणतात. आणि अशी पेशी दिसली म्हणजे हॉजकिनच असंही नाही. एपस्टाइन-बार व्हायरसच्या तापात आलेल्या गाठीत हुबेहूब तशी पेशी दिसते. टी-सेलच्या एका प्रकारात, अँजिओइम्युनोब्लास्टिकमध्ये, दिसते. अॅनाप्लास्टिक लार्ज सेलची पेशीही जवळपास तशीच.

क्लासिकल हॉजकिनमध्ये त्या मोठ्या पेशी सीडी३० पॉझिटिव्ह, सीडी१५ बऱ्याचदा पॉझिटिव्ह, पॅक्स५ फिकट पॉझिटिव्ह, सीडी४५ निगेटिव्ह. अॅनाप्लास्टिकमध्ये सीडी३० तेवढंच गडद पण पॅक्स५ नसतं, टी-पेशीच्या खुणा असतात, काहींत एएलके पॉझिटिव्ह. छातीच्या मध्यभागी गाठ असलेल्या तरुण मुलींत आणखी एक दावेदार येतो, प्रायमरी मेडियास्टायनल बी-सेल, आणि या दोघांच्या अधेमधे जे बसतं त्याला ग्रे झोन. खरंच अधेमधे असणारे आजार असतात, ते नाव टाळाटाळ म्हणून दिलेलं नाही. पण ग्रे झोन लिहिण्याआधी मोठा तुकडा मागणं आणि दुसऱ्याला दाखवणं हे योग्यच, तुमच्या डॉक्टरांनी तेच केलेलं दिसतंय.

नोड्युलर लिम्फोसाइट प्रीडॉमिनंट नावाचा अजून एक आहे, त्यात मोठ्या पेशी सीडी२० पॉझिटिव्ह आणि सीडी३०, सीडी१५ निगेटिव्ह असतात. याला २०२२ च्या दोन वर्गवाऱ्यांपैकी एकीत हॉजकिन म्हणायचंच सोडून दिलंय, बी-सेल लिम्फोमा म्हणतात.

२०२२ च्या दोन वर्गवाऱ्या? म्हणजे दोन हॉस्पिटलांत दोन नावं असू शकतात?

हो. एक डब्ल्यूएचओची पाचवी आवृत्ती, एक आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कन्सेन्सस क्लासिफिकेशन. दोन्ही एकाच वर्षी आल्या. बहुतेक नावं सारखीच, थोडी वेगळी. रिपोर्टच्या खाली कुठली वापरली ते लिहिलेलं असावं, नसेल तर विचारा.

मामांना गंडमाळ समजून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. आधीच कळायला नको होतं का?

आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की टीबी आधी आठवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, हे तिन्ही दोन्हीकडे. शिवाय लिम्फोमाच्या गाठीत, जास्त करून हॉजकिनमध्ये, टीबीसारखे ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे घट्ट गोळे, तयार होतात, आणि सुई नेमकी तिथेच लागली तर रिपोर्टवर "ग्रॅन्युलोमॅटस" एवढंच येतं. ही गल्लत आजची नाही, १८९८ मध्ये खुद्द स्टर्नबर्गनी हॉजकिन म्हणजे टीबीचाच एक वेगळा प्रकार असं लिहिलं होतं, आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी (रीड-स्टर्नबर्ग पेशीला नाव मिळालं ते याच दोघांचं) दोन्ही वेगळे आहेत हे मांडलं.

माझं कळकळीचं सांगणं इतकंच, टीबीचं औषध सुरू करण्याआधी जंतू दाखवायचा प्रयत्न झाला पाहिजे, सीबीनॅट (जंतूचं जीन शोधणारी टेस्ट), कल्चर (जंतू वाढवून बघणं), स्टेन, जे शक्य असेल ते. आणि गोळ्या चालू असूनही दीड-दोन महिन्यांत गाठ वाढतच असेल किंवा नवीन येत असतील तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा गाठ पूर्ण काढून तपासायला सांगा. टीबीच्या गाठी औषध चालू असतानाही कधी कधी थोड्या फुगतात हे खरं, पण ते ठरवायलाही तुकडाच लागतो. आणि दोन्ही आजार एकाच गाठीत असल्याचंही बघितलंय.

एफएनएसी म्हणजे सुईनं पाणी काढून बघितलं तर चालत नाही का? आईला ऑपरेशनची भीती वाटते.

पहिली पायरी म्हणून चालतं, नाव ठरवायला सहसा नाही. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, मांडणी येत नाही, आणि वर बघितलंत तसं अर्धी ओळख मांडणीतच असते. शक्य असेल तर अख्खी गाठ काढावी, आणि अनेक गाठी असतील तर सगळ्यात मोठी किंवा पेट स्कॅनवर सगळ्यात जास्त चमकणारी, हाताला लागते म्हणून जांघेतली सोपी गाठ नको, तिथे पायाच्या जखमांमुळे जुने बदल असतात. पोटात खोल असेल तर जाड सुईचे तीन-चार तुकडे. मानेतली वरवरची गाठ बहुधा जागेवर भूल देऊन काढतात, आईंना हे आधी सांगा, भीती अर्धी होते.

आणि सर्जनना आधीच विचारून ठेवा, गाठ निघाल्यावर कशात ठेवणार. तीन वाटे व्हावेत असं आम्हाला वाटतं: मोठा भाग फॉर्मलिनमध्ये, एक तुकडा फॉर्मलिन न लावता सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी, एक ताजा फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे सुट्या पेशींवरचे मार्कर मशीनवर मोजायला. अख्खी गाठ एकदा फॉर्मलिनमध्ये गेली की जंतू वाढवता येत नाही आणि फ्लो पण होत नाही. आणि फॉर्मलिनही भरपूर, गाठीच्या दसपट तरी, औषधाच्या छोट्या बाटलीत कोंबलेली गाठ आतून सडते आणि मग कुठलाच स्टेन नीट लागत नाही.

बायोप्सीआधी बरं वाटावं म्हणून स्टिरॉइड दिलं होतं. त्यानं काही होतं?

होतं. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडनं पटापट मरतात, गाठ मऊ पडते, ताप उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि स्लाइडवर नुसत्या मेलेल्या पेशी येतात. आजार गेलेला नसतो, ओळख गेलेली असते. श्वास अडकत असेल तर जीव आधी, तिथे द्यावंच लागतं, पण तेव्हाही जमल्यास आधी तुकडा घ्यावा. गावाकडून गोळ्या घेऊन आला असाल तर कुठल्या आणि किती दिवस ते लपवू नका, कागद नसेल तर रिकामं पाकीट आणा.

रिपोर्टला किती दिवस?

फॉर्मलिनमध्ये एक दिवस, रात्रभर मशीनमध्ये, मग ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि पहिली स्लाइड. आयएचसीच्या दोन फेऱ्या धरून आठवडा सहज. फिश सांगितली तर अजून काही दिवस.

दुसरं मत घ्यायचंय. काय काय न्यायचं?

पॅराफिन ब्लॉक, सगळ्या स्लाइड, जुने रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅनचे कागद. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरं मत देता येत नाही. ब्लॉक तुमच्या पेशंटचा आहे, लॅबला लेखी अर्ज द्या, त्या देतात, पोच घ्या. परळला टाटाला निघालेले कितीतरी लोक हे न घेता येतात आणि पुन्हा मागे फिरतात. ब्लॉक मेणाचा असतो, साठ डिग्रीच्या आसपास वितळतो, तेव्हा मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडून येताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. स्लाइड टिश्यूत गुंडाळू नका, स्लाइडचा प्लास्टिक डबा मिळतो तो घ्या.

आणि पेशंटची हकिकत कागदावर नीट लिहून न्या, वय, गाठ कधी आली, किती वाढली, ताप, आधीची औषधं, एचआयव्हीचा रिपोर्ट. स्लाइड तीच असते पण हकिकत कळली की मी बघते वेगळं. सत्तर वर्षांच्या माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी साठ हजार आहेत हे मला फॉर्मवर कुणी लिहिलंच नाही तर मी तीन दिवस उगाच दुसरीकडे शोधत राहते.

सगळं करूनही रिपोर्टवर "लो ग्रेड बी-सेल लिम्फोमा, पुढील वर्गीकरण शक्य नाही" असं आलं. आता?

टाटा मेमोरियलमधून २००० साली भारतातल्या २७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ७९ टक्के बी-सेल, १६ टक्के टी-सेल, सगळ्यात जास्त म्हणजे ३४ टक्के डिफ्यूज लार्ज बी-सेल, आणि मार्कर लावूनसुद्धा ४.७ टक्के केसमध्ये नेमकं नाव लावता आलं नाही. मुंबईत, एवढा अनुभव असलेल्या लोकांना. तेव्हापासून नवे मार्कर आलेत, पण तो कप्पा पूर्ण रिकामा झालेला नाही.

असा रिपोर्ट आला तर दोन गोष्टी विचारा. तुकडा छोटा होता म्हणून की आजारच तसा आहे म्हणून. तुकडा छोटा असेल तर दुसरी गाठ काढता येईल का. आणि मँटल वगळला आहे का, हे नाव घेऊनच विचारा, कारण बाकीच्या लहान पेशींच्या लिम्फोमांत थोडं थांबून, लक्ष ठेवून पुढे जाता येतं. रिपोर्टवर सायक्लिन डी१ ची ओळ दिसत नसेल तर ब्लॉक अजून लॅबमध्येच आहे, ती एक स्लाइड लावायला दोन दिवस लागतात, फोन करून सांगा.